विधिमंडळाची इमारत अभ्यासायची तर आधी आतली डोकी मोजा

नाशिकच्या एका आर्किटेक्चर कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी विचारलंय: अभ्यासदौऱ्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाची इमारत घ्यायची आहे, पण नेमकी कुठली? नरिमन पॉइंटचं विधानभवन, रीगल सिनेमाच्या चौकातला जुना कौन्सिल हॉल, की नागपूर? जुन्या इमारतीच्या माथ्यावर समुद्रदेव काय करतोय? तिथे आता पोलीस मुख्यालय कसं? आणि अहवालात शैली कोणती लिहायची?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे तो डोक्यातून जाईल. जुना कौन्सिल हॉल व्हिक्टोरियन गॉथिक आहे, म्हणजे टोकदार कमानी आणि उंच उतरत्या छपरांच्या मध्ययुगीन युरोपी वळणाचा. 'इंडो-सारासेनिक' (इंग्रजी इमारतीवर भारतीय-इस्लामी घुमट आणि कमानी चढवलेली शैली) लिहू नका. इंग्रजी अमदानीतली दगडी इमारत दिसली रे दिसली की आपली मुलं तो शिक्का मारून मोकळी होतात. त्याच चौकात पलीकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, जॉर्ज विटेटचं, ते इंडो-सारासेनिक. रीगल १९३३ चं, आर्ट डेको, म्हणजे सरळ रेघांची, भौमितिक आकारांची शैली. चौकात उभं राहून तिन्हींकडे एकदा नजर टाका, फरक कुणी समजावून सांगायला लागणार नाही.

पण अख्खा अहवाल शैलीवर लिहिलात तर पानं भरतील आणि हाती फारसं काही लागणार नाही. सभागृह आतून ठरतं. किती माणसं बसणार, कोण कोणासमोर बसणार, वरून कोण बघणार, आणि बाहेर येऊन कुजबुजायला जागा कुठे, यावर. जुने वाडे आणि दगडी कचेऱ्या दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि इमारत का वाढली, का सोडली गेली, याचं उत्तर बहुतेक वेळा आतल्या माणसांच्या आकड्यात सापडतं. आपल्या विधिमंडळाची गोष्ट तर जवळजवळ त्या आकड्यावरच सांगता येते.

मुंबईला निघण्याआधी सराफ बाजारातल्या सरकारवाड्यात एक चक्कर मारा. गोदावरीला पूर आला की पाणी सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला लागलं हे विचारणारे तुम्ही, आत किती जण गेलात? पेशवाईतला सरकारी कारभाराचा वाडा हा. पुढे इंग्रजांनी त्यात कचेऱ्या थाटल्या, आपलं सार्वजनिक वाचनालयही तिथे होतं, आणि आज तो पुरातत्त्व खात्याकडे आहे. तिथे बघायचं ते एवढंच, की वाड्यातल्या बैठकीत मुख्य माणूस एका टोकाला गादीवर बसतो आणि बाकीचे मानाप्रमाणे दोन्ही अंगांना. समोरासमोर दोन बाजू बसून वाद घालतील अशी जागा त्या नकाशात नाही, कारण तशी गरजच नव्हती. हा नकाशा डोक्यात ठेवून मुंबईचा पहिला टप्पा बघा, फारसा फरक वाटणार नाही.

१८६१ च्या इंडियन कौन्सिल्स अॅक्टने मुंबईच्या गव्हर्नरला कायदे करण्यासाठी आपल्या कौन्सिलात, म्हणजे सल्लागार मंडळात, जादा सभासद घेता येऊ लागले: किमान ४, जास्तीत जास्त ८. त्यांतले निम्मे तरी बिनसरकारी हवेत, पण सगळे नेमलेले. निवडून आलेला एकही नाही. या कौन्सिलाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी टाऊन हॉलमध्ये भरली. म्हणजे आपण जिला एशियाटिक लायब्ररी म्हणतो ती इमारत: थॉमस काउपरचा आराखडा, १८३३ चं काम, समोर डोरिक, म्हणजे जाडजूड ग्रीक वळणाच्या, खांबांची ओळ आणि सिनेमात हजार वेळा दिसलेल्या पायऱ्या. नाना शंकरशेट या कौन्सिलातल्या पहिल्या हिंदी सभासदांपैकी. एवढ्या मंडळींना टाऊन हॉलमधली एक खोली पुरून उरत होती. गव्हर्नर टेबलाच्या टोकाला, बाकीचे भोवती. सरकारवाडाच तो, फक्त खुर्च्यांवर बसलेला.

दुसरा टप्पा ओव्हल मैदानाच्या कडेला आहे. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, मोकळ्या झालेल्या पट्ट्यात मोठमोठ्या सरकारी इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांतलं सचिवालय १८६७ ते १८७४ या काळात हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनिअरने बांधलं. व्हेनिसच्या वळणाचं गॉथिक. आज तिथे शहर दिवाणी व सत्र न्यायालय चालतं. पश्चिमेच्या अंगाला कमानींचे व्हरांडे का, याचं उत्तर तुम्हाला दुपारी तीनला मैदानात उभं राहिल्यावर मिळेल. त्या वेळी समुद्र आजच्यापेक्षा पुष्कळ जवळ होता आणि वारा थेट त्या कमानींतून आत शिरायचा. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे पहिल्या मजल्यावर, गव्हर्नर आणि त्याच्या सल्लागारांच्या खोल्यांशेजारी, कौन्सिल हॉल होता. कायदेमंडळ म्हणजे सचिवालयातलं एक दालन. सरकार आणि कायदे करणारी सभा यांच्या मध्ये फक्त एक भिंत. सत्तेची रचना इतकी उघडपणे प्लॅनमध्ये उतरलेली क्वचितच बघायला मिळते, त्यामुळे ही ओळ अहवालात नक्की घ्या.

मग आकडा फुगायला लागला. १८९२ च्या कायद्याने जादा सभासद २० पर्यंत, १९०९ च्या कायद्याने ५० पर्यंत, आणि १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबईच्या कौन्सिलासाठी किमान १११. शिवाय आता बहुसंख्य सभासद निवडून आलेले. हे लोक प्रश्न विचारणार, ठराव आणणार, मतविभागणी मागणार. यांना सचिवालयाच्या दालनात कसं बसवणार? स्वतंत्र घर हवं झालं, आणि सरकारने १९२८ मध्ये एक तयार इमारत ताब्यात घेतली. ती होती खलाशांची धर्मशाळा.

तुमचा समुद्रदेव इथला. १८७० मध्ये राणी व्हिक्टोरियाचा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड, म्हणजे ड्यूक ऑफ एडिंबरा, मुंबईला आला. तो स्वतः नौदलातला, गॅलेटिया नावाच्या युद्धनौकेचा कप्तान. त्याच्या भेटीची आठवण म्हणून काय बांधावं, तर बंदरावर उतरणाऱ्या खलाशांसाठी निवासगृह, हे ओघानेच आलं. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी २ लाख रुपये दिले. ड्यूकनेच कोनशिला बसवली, आणि १८७६ मध्ये 'रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम' उघडलं. २० अधिकारी आणि ५८ खलाशी राहतील अशी सोय, अडीनडीला शंभरापर्यंत. दर्शनी त्रिकोणी माथ्यावर नेपच्यून, त्याच्याभोवती जलपऱ्या आणि समुद्री घोडे. बंदर जवळ, राहणारे दर्यावर्दी, तर पाटी तशीच असणार. पुढे त्या नेपच्यूनखालून अर्धशतकाहून जास्त काळ आमदार ये-जा करत राहिले, आणि आता पोलीस अधिकारी करतात.

आर्किटेक्ट होता फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला आलेला तरुण, आणि हे त्याचं पहिलं मोठं काम. यानंतर त्याच्याकडे व्हिक्टोरिया टर्मिनस आलं, नंतर महापालिकेची इमारत. तुम्ही पंचवटी एक्सप्रेसने जाल तेव्हा सीएसएमटीला उतरताच त्याच्या सर्वांत गाजलेल्या इमारतीत पाऊल ठेवाल, समोर रस्त्यापलीकडे त्याचीच महापालिका दिसेल. घाई करू नका. आधी सेलर्स होम बघा आणि परतताना सीएसएमटी बघा. उंच उतरती छपरं, त्रिकोणी माथे, कमानींतले रंगीबेरंगी दगड, सगळ्याचा सराव त्याने चौकातल्या इमारतीत आधीच केलेला दिसतो. आणखी एक गंमत: समोरचं रीगल बांधणारा चार्ल्स स्टीव्हन्स हा याचाच मुलगा. बापाचं गॉथिक आणि लेकाचं आर्ट डेको एकाच चौकात.

आता दगडाकडे या, कारण इथे नाशिकच्या मुलांना मुंबईकरांपेक्षा जास्त दिसायला हवं. भिंतींचा मुख्य दगड निळसर काळा बेसाल्ट. पांडवलेण्यांचा, काळारामाच्या देवळाचा तोच दख्खनचा पाषाण. टणक. त्यावर नाजूक नक्षी काढायची तर पाथरवटाचा घाम निघतो, म्हणून इंग्रजी कामात तो बहुतेक ठिकाणी तोंडाला खडबडीत ठेवून चिऱ्यांच्या थरांत लावलेला दिसतो. नक्षी, खांबांची डोकी, खिडक्यांच्या चौकटी यासाठी पोरबंदरसारखे फिकट, मऊ दगड. पोरबंदरचा दगड चुनखडीच्या जातीचा, करवतीने कापता येतो, टाकीखाली लोण्यासारखा चालतो. गडद भिंत आणि फिकट कमान असा जो रंगांचा खेळ व्हिक्टोरियन मुंबईत सगळीकडे दिसतो, तो आवडीइतकाच या व्यवहारातूनही आलेला आहे: टणक दगड ओझ्याला, मऊ दगड कलाकुसरीला.

आणि या मऊ दगडाचं दुखणं कुठे दिसतं ते सांगतो. इमारत कुठलीही असो, फोर्टात चालताना फिकट दगडाच्या एखाद्या चौकटीजवळ जा आणि सांधा बघा. मूळ काम चुन्यातलं. चुन्याचा दर्जा, म्हणजे सांध्यात भरलेला चुना, दगडापेक्षा मऊ असतो, भिंतीतला ओलावा त्यातून बाहेर पडतो, आणि झिजायचं झालं तर दर्जा झिजतो, तो पुन्हा भरता येतो. मागाहून कुणीतरी 'पक्कं काम' म्हणून तिथे सिमेंट भरतो. मग ओलाव्याची वाट बंद. तो दगडातून बाहेर यायला लागतो, सोबत क्षार आणतो, क्षार पृष्ठभागाच्या आत साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी चित्र असं दिसतं: सिमेंटची रेघ जशीच्या तशी, कड काढून बाहेर आलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंचा दगड आत खाल्लेला. बोट फिरवलं तर पीठ हाताला लागतं. बेसाल्टच्या सांध्यात हेच सिमेंट वर्षानुवर्षं तग धरतं, म्हणून आपल्याकडचे ठेकेदार नाशिकच्या अनुभवावर मुंबईतही तेच करायला जातात. मिश्र दगडाच्या भिंतीला नाशिकचा नियम लावू नये. याचा एक जवळून फोटो आणि भिंतीचं एक हाताने काढलेलं छेदचित्र अहवालात असू द्या. तुमचे परीक्षक दर्शनी भागाची रंगीत ड्रॉइंगं बघून कंटाळलेले असतात.

तर १९२८ नंतर खलाशांच्या घरात सभा भरू लागली. शंभर खलाशी झोपतील एवढी इमारत शंभरावर सभासदांना घेऊन बसली, हा आकड्यांचा योगायोग मला नेहमी मजेशीर वाटतो. पण झोपणारी माणसं खोल्यांत विभागता येतात, चर्चा करणारी एका छताखाली लागतात, मधे खांब न येता. त्यामुळे निवासगृहाला सभागृहाची जोड द्यावी लागली. जुनं निवासगृह आणि सभेसाठी केलेलं काम यांचं नातं कसं जुळवलंय, हाच तिथला खरा वास्तुशास्त्रीय विषय.

१९३५ च्या कायद्याने दोन सभागृहं आली आणि विधानसभेचे १७५ सभासद झाले. या विधानसभेची पहिली बैठक जुलै १९३७ मध्ये भरली, ती मात्र मुंबईत नाही, पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये. पावसाळ्यात गव्हर्नरचा मुक्काम पुण्याला असे, त्या प्रथेचा हा धागा. ग. वा. मावळणकर अध्यक्ष झाले ते तिथे. या विधानसभेत नाशिकचे दादासाहेब गायकवाड होते. १९३० च्या मार्चमध्ये काळाराम मंदिराच्या दारात सुरू झालेल्या सत्याग्रहातले ते बिनीचे कार्यकर्ते. देवळाचं दार उघडलं नव्हतंच, पण सात वर्षांनी ते सभागृहात जाऊन बसले, आणि बाबासाहेब आंबेडकरही त्याच सभागृहात होते. गटातल्या कुणाला सामाजिक इतिहासाची बाजू घ्यायची असेल, तर हा धागा नाशिकहून थेट निघतो, शोधत फिरायला नको.

स्वातंत्र्यानंतर आकडा पुन्हा उसळला. १९५२ मध्ये ३१५. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठीचा मोर्चा विधानसभेकडे निघाला होता, तो फ्लोरा फाउंटनपाशी अडला आणि गोळीबार झाला. हुतात्मा चौक ते जुना कौन्सिल हॉल हे अंतर पायी चालून बघा, मग 'विधानसभेवर मोर्चा' म्हणजे काय ते नकाशावर कळेल. वर्षभरात द्वैभाषिक राज्य झालं. विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ सगळे एकत्र, आणि १९५७ च्या निवडणुकीत विधानसभेच्या जागा तब्बल ३९६. खलाशांच्या घरावर आलेला हा सर्वांत मोठा भार. १९६० ला महाराष्ट्र झाला आणि आकडा २६४ वर आला, १९६७ ला २७०, १९७८ ला २८८. शिवाय विधान परिषदेचे ७८. वर पत्रकार, प्रेक्षक, अधिकारी, सुरक्षा.

नागपूरबद्दल थोडक्यात. ती इमारत मध्य प्रांताच्या काळातली, आणि तिथल्या कायदेमंडळाची सुरुवात १९१४ ची. १९५६ ला नागपूरचं राजधानीपण गेलं, पण १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन तिथे भरवण्याचा शब्द दिलेला होता, म्हणून हिवाळी अधिवेशन. वर्षातले मोजके आठवडे गजबजणाऱ्या आणि एरवी शांत असणाऱ्या वास्तूची देखभाल हा चांगला विषय आहे, पण तो स्वतंत्र. एका दौऱ्यात मुंबई आणि नागपूर दोन्ही करायला जाल तर दोन्ही अर्धवट राहतील.

राहिलं नरिमन पॉइंट. १९ एप्रिल १९८१ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते विधानभवनाचं उद्घाटन झालं. १८६२ पासून मोजलं तर जवळपास १२० वर्षांनी मुंबईत विधिमंडळाला स्वतःसाठी बांधलेलं घर मिळालं. त्याआधीचं सगळं उसनं: नगरसभागृह, सचिवालयाचं दालन, खलाशांचं निवासगृह. ते निवासगृह रिकामं झालं आणि पोलीस मुख्यालयाकडे गेलं. नव्या इमारतीची जागा समुद्र बुजवून केलेल्या बॅकबेच्या भरावावरची, म्हणजे वजन खाली खडकापर्यंत नेणं हीच पहिली चिंता. दोन्ही सभागृहं आणि मध्यवर्ती सभागृह एकाच आवारात. मंत्रालय हाकेच्या अंतरावर. ती सचिवालयाची १९५५ ची इमारत, १९७५ ला मंत्रालय नाव मिळालेली. २०१२ च्या जूनमध्ये तिच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर पसरली. जुन्या सरकारी इमारतींत नंतर घातलेली पार्टिशनं आणि फॉल्स सीलिंग काय करू शकतात, हे बघायचं तर त्या आगीचा अभ्यास करा.

विधानभवन देखणं आहे का? माझ्या मते नाही. काँक्रीटच्या त्या पिढीतल्या बऱ्याच सरकारी इमारतींसारखं ते जरा अंग फुगवून उभं आहे, आणि रस्त्यावरच्या माणसाला जवळ बोलावत नाही. पण ते काम करतं, आणि का करतं याचं एक कारण आर्किटेक्चरच्या पुस्तकात मिळणार नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या आणि विधानसभांच्या जागांचा आकडा गोठवला. २००१ च्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. म्हणून १९७८ पासून आपला आकडा २८८ वरच थांबलाय. सचिवालयाच्या दालनातून आणि खलाशांच्या घरातून विधिमंडळाला वाढत्या आकड्याने बाहेर ढकललं. या इमारतीला तो अनुभव अजून आलेला नाही. दिल्लीत नवीन संसद बांधताना लोकसभेच्या सभागृहात ८८८ आसनं केली, ती पुढच्या वाढीचा अंदाज बांधूनच.

त्यामुळे माझा सल्ला असा. मुख्य विषय जुना कौन्सिल हॉल घ्या, तुलनेला विधानभवन ठेवा, आणि टाऊन हॉल व जुनं सचिवालय प्रस्तावना म्हणून चालत करा; फोर्टातल्या फोर्टात हे सगळं एका दिवसात होतं. पोलीस मुख्यालयात आणि विधानभवनात परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. कॉलेजच्या लेटरहेडवर आधी अर्ज द्या, आणि अधिवेशनाच्या तारखा टाळा. मोजमापाची ड्रॉइंगं सुरक्षेच्या कारणाने मिळतील अशी आशा धरू नका. आत सोडलं तर सभागृहात अध्यक्षांच्या आसनाजवळून दोन गोष्टी टिपा: उजव्या हाताला सत्ताधारी आणि डाव्या हाताला विरोधक बसतात, त्या दोन्ही बाजूंच्या शेवटच्या बाकापर्यंत चेहरे दिसतात का; आणि बाकांच्या मागे किती मोकळी जागा आहे. मग बाहेर येऊन हिशेब करा की २८८ चे उद्या ३५० झाले तर नवी रांग कुठे बसेल, दारं किती लागतील, आणि गॅलरीचा किती भाग जाईल. हे स्केच मुंबईत बसूनच करा, परतीच्या गाडीत आठवणीतून नको.